टाळी दिली ती दिली

हिस्केने एकदा नाही म्हटलं की त्या नाहीचं हो करून घेणारा माणूस ऊस्टरविर गावात अजून जन्माला यायचा होता. गाव तसं मुळातच हट्टी. समोरून येणाऱ्या वाऱ्यात सायकल मारून मारून इथल्या माणसांच्या माना पुढे आलेल्या आणि हनुवट्या वर झालेल्या. पण हिस्केपुढे गावानेही हात टेकले होते. दुधाच्या टँकरवर एकही बाई नव्हती तेव्हा ती टँकरवर चढली. डेअरीतल्या साहेबाने विचारलं, "हिवाळ्यात झेपेल का तुला?" तर म्हणाली, "मला काय विचारता, हिवाळ्याला विचारा मी झेपेन का." तेव्हापासून ती पहाटे उठते, फ्रीसलँड प्रांतातल्या अर्ध्या गोठ्यांतून दूध गोळा करते, आणि हिवाळ्याने अजून तक्रार केलेली नाही.

हा हट्ट निम्मा तिला बापाकडून आला होता. उरलेला निम्मा नवऱ्याने दिला.

नवरा लेनार्ट हार्लेमकडचा. देखणा, हसरा, साखरेच्या पाकात बुडवून काढल्यासारखं बोलणं. जगातला त्याचा सगळ्यात आवडता शब्द म्हणजे 'नंतर'. आधी बोट आली, पैसे नंतर. मग मोटरसायकल आली, मग भिंतभर टीव्ही आला, आणि सगळ्यांचे पैसे नंतर. ऋण काढून सण करणारे लोक असतात, पण याच्या घरी रोजच सण. घरखर्चाचे पैसे मात्र त्याची लहर लागेल तसे यायचे. खूश असला की हातात नोटांची गड्डी, फुलं, केक. फिस्कटलं की आठवडाभर दमडी नाही, वर "तुला कशाला लागतात एवढे पैसे?" हा प्रश्न. शेवटी ज्या दिवसाला 'नंतर' म्हणत होते तो दिवस उजाडला. बोट गेली, घर गेलं, आणि लेनार्टही गेला, परत हार्लेमकडे. राहिली हिस्के, तिची लहानगी मारित आणि दोघांच्या सह्यांचं कर्ज. कोर्टाने एक कारकून नेमला. हिस्केचा पगार त्याच्याकडे जायचा आणि कर्जाचा हप्ता कापून दर गुरुवारी तो तिला घरखर्चाचे पैसे द्यायचा. अशी तीन वर्षं तिने काढली. मारितला त्यातलं काय आठवत असेल? गुरुवारी घरात सॉसेज शिजायचं, एवढंच आठवत असेल, अशी हिस्केची समजूत होती.

कर्ज फिटलं तेव्हा हिस्केने एकच गोष्ट मनात पक्की केली. या पोरीच्या हाताला पैशाचं वळण लावायचं, मग जग इकडचं तिकडे होवो. कारण मारित डोळ्यांनी लेनार्टवर गेली होती, हसण्याने लेनार्टवर गेली होती, आणि दुकानाच्या काचेसमोर उभी राहायची तीसुद्धा अगदी लेनार्टसारखी, मान जरा कलती करून. डोळे गेले बापावर तर जाऊ देत, हात जायला नकोत. खाण तशी माती असं गावाने म्हणायच्या आत काहीतरी करायला हवं होतं.

आमच्याकडे पोर मोठ्या शाळेत जायला लागलं की त्याला कपड्यांचे पैसे सुरू होतात. दर महिन्याला ठरलेली रक्कम द्यायची, आणि मग पोराने घालावं काय, विकत घ्यावं काय, हे त्याचं त्याने बघायचं. बहुतेक घरांत हे चहा पितापिता ठरतं आणि दोन महिन्यांत चहा पितापिता मोडतं. आई कुरकुरते, पोर रडतं, आई पाकीट काढते. हिस्केला हे असलं मिळमिळीत काम नको होतं. तिचा बाप लेउवार्डनच्या शुक्रवारच्या बाजारात गुरांचा व्यापारी होता. त्या बाजारात सौदा कागदावर होत नसे, टाळीवर होत असे. एकाने किंमत बोलायची आणि दुसऱ्याच्या तळहातावर खाडकन हात मारायचा. दुसऱ्याने आपली किंमत सांगून उलट मारायचा. किंमत जुळली की शेवटची टाळी सगळ्यांत मोठी. त्या टाळीनंतर गाय मेली तरी पैसे द्यायचे, आणि सोन्याचं दूध द्यायला लागली तरी परत मागायची नाही.

तसा सौदा जुलै संपतासंपता हिस्केच्या स्वयंपाकघरात झाला. साक्षीला बेप्पे होती. आमच्याकडे आईला मेम म्हणतात आणि आजीला बेप्पे; ही हिस्केची आई. पण मारित बोलायला लागल्यापासून सगळं गाव तिला बेप्पेच म्हणतं, हिस्केसुद्धा.

"ऐंशी युरो," मारित म्हणाली आणि आईच्या हातावर टाळी मारली.

"चाळीस." खाड्.

"चाळीसमध्ये मोजे येतात, मेम! पंच्याहत्तर."

"सोन्याचे घालतेस का मोजे? पन्नास."

"पोरीला दम आहे गं," बेप्पे खुर्चीतून म्हणाली. "सोडू नकोस मारित, तुझे आजोबा अशा वेळी पाठ फिरवून चार पावलं जायचे."

मारितने खरोखरच पाठ फिरवली आणि फ्रिजपर्यंत गेली. हिस्केला हसू आलं, पण तिने ते गालात दाबलं. साठवर गाडी थांबली.

"आता नीट ऐक," हिस्के म्हणाली. "टोपीपासून मोज्यापर्यंत सगळं यातून. कोट, बूट, पावसाचे कपडे, सगळं. मी वरती एक सेंट देणार नाही. आणि तू काय घेतेस त्यावर एक शब्द बोलणार नाही."

"आणि पैसे कधी मिळणार?"

"पहिल्या तारखेला."

"नक्की?"

"पहिल्या तारखेला. काही झालं तरी."

शेवटचे तीन शब्द हिस्के आपणहून बोलली. ते कुणी मागितले नव्हते. मग शेवटची टाळी पडली, अशी की बेप्पेच्या कपातला चहा हलला.

ऑगस्टचे आणि सप्टेंबरचे पैसे मिळून पांढरेशुभ्र बूट आले. ऑक्टोबरच्या पैशांतून एक आखूड जाकीट आलं. ते कमरेच्या वरच संपत होतं आणि पाऊस अडवण्याचा त्याचा काही विचार नव्हता. हिस्केने दोन्ही पाहिलं आणि जीभ दाताखाली धरली. बोलणार नाही म्हणजे बोलणार नाही. फक्त एकदा, अगदी सहज विचारल्यासारखं, ती म्हणाली, "तुझा पावसाचा सूट आता आखूड झाला असेल ना?"

"मेम, पावसाचा सूट घालून शाळेत कोण येतं माहीत आहे? शिक्षक!"

शाळा स्नेक नावाच्या गावी. ऊस्टरविरपासून सायकलवर पाऊण तास, आणि वाऱ्याने मनावर घेतलं तर जास्त. वाटेत ना झाड ना भिंत. एका बाजूला कालवा आणि दुसऱ्या बाजूला गाई. ऑक्टोबर संपतासंपता पाऊस सुरू झाला. आमच्याकडचा पाऊस वरून पडत नाही, तो आडवा येतो. मारित सकाळी जाकिटात जायची आणि शाळेत पिळून वाळत घालावी अशी पोचायची. पांढरे बूट राखाडी झाले होते.

एका सकाळी हिस्के टँकर घेऊन कालव्याच्या रस्त्याने येत होती. काचेवरचे वायपर पाणी ओढून दमले होते. समोर शाळेत जाणाऱ्या पोरांचा थवा दिसला, सगळी कोटांत आणि टोप्यांत गुंडाळलेली. त्यांच्या मागे बरंच अंतर ठेवून एकटी मारित. केस गालाला चिकटलेले, जाकीट अंगाला, आणि पाय पॅडल मारतायत की पॅडल पायांना ओढतंय ते कळू नये. केबिनमध्ये हीटर चालू होता. बाजूची सीट रिकामी होती. टँकरवर बाहेरच्या कुणालाही बसवायची बंदी होती, पण हिस्के ज्या नियमांना भीक घालत नसे त्यांतला तो एक होता. तिने वेग कमी केला. पाय ब्रेकवर ठेवला.

आणि मग पाय उचलला. चाकांचं पाणी पोरीवर उडू नये म्हणून टँकर पार दुसऱ्या कडेला घेतला आणि ती पुढे निघून गेली. आरशात मारित बारीक होत गेली. हिस्केला रडू आलं. तिने डोळे पुसलेही नाहीत, कारण दोन्ही हात स्टिअरिंगवर हवे होते.

पुढच्या गोठ्यावर रिन्से उभा होता. हा शेतकरी तिच्या फेरीत नव्यानेच आलेला. नळी जोडताजोडता म्हणाला, "येताना एक पोर पाहिलीस का गं रस्त्यावर? आत्ताच ट्रॅक्टरवरून आलो मी. कुडकुडत होती नुसती. अंगावर धड कोट नाही. कुणाची आहे देव जाणे. आईबाप झोपा काढतात का काय?"

हिस्केने नळीची कडी घट्ट केली, आधीच घट्ट होती तरी. "काय माहीत," ती म्हणाली.

हे दोन शब्द तिला दिवसभर टोचत राहिले.

त्याच आठवड्यात शाळेतून पोस्टमा सरांचा फोन आला. सर भले होते, शब्द मऊ फडक्यात गुंडाळून बोलायचे. मारित रोज ओली येते, पहिला तास हीटरला चिकटून बसते, घरी काही अडचण आहे का, असली तर शाळेकडे एक निधी आहे, लाजायचं कारण नाही. हिस्केने सांगितलं की अडचण नाही, सौदा आहे. सर म्हणाले, "सौदा जरा कडक नाही का?" ती म्हणाली, "हो, आहे."

बेप्पे मऊ फडकी वापरत नसे.

"न्यूमोनिया झाला म्हणजे तो साठ युरोत बसेल का?" ती म्हणाली. "तुझा बापसुद्धा वासरांना पावसात उभं करत नव्हता."

"वासरं पांढरे बूट घेत नव्हती."

"अगं, बारा वर्षांची पोर ती!"

"बाविसाव्या वर्षी शिकली तर महाग पडेल, बेप्पे. मी तिसाव्या वर्षी शिकले. मला विचार किती पडलं."

बेप्पेने डावपेच बदलला. खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला. "बरं, तू देऊ नकोस. मीही देत नाही. पण पाच डिसेंबरला संत निकोलस पोरांना भेटी घेऊन येतो, त्याने कोट आणला तर? संताने काही तुझ्याशी टाळी मारलेली नाही."

"संताचं पाकीट कुणाच्या पर्समध्ये असतं ते मला ठाऊक आहे. संताला सांग, नेहमीसारखं तिच्या नावाचं चॉकलेटचं अक्षर आण आणि गप जा."

"सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही तुझा," बेप्पे म्हणाली. हिस्केलाही ते पटलं होतं.

रात्री झोप येत नसे हे ती कुणाला सांगणार? पोरगी खोकली की ती अंथरुणात उठून बसायची. आपण शिकवतोय की सूड घेतोय, आणि घेतोय तर कुणावर, लेकीवर की लेनार्टवर, हे तिचं तिलाही नीट कळेना. पण सकाळी उठून ती पुन्हा काही बोलायची नाही.

नोव्हेंबरचे पैसे मारितने खर्च केले नव्हते. हिस्केच्या ते लक्षात आलं होतं आणि मनात कुठेतरी आशेचा कोंब फुटला होता. पोरगी साठवतेय. बसलं वळण.

मग ते पार्सल आलं.

बेप्पेचं घर समोरच्या गल्लीत, म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या घरांच्या रांगेत. बेप्पे दुपारी पत्ते खेळायला गेलेली, म्हणून कुरियरवाल्याने पार्सल शेजारच्या गेर्लोफकडे ठेवलं. गेर्लोफने संध्याकाळी ते आणून दिलं तेव्हा हिस्के तिथेच होती. शाळेतून परस्पर आलेली मारितही होती, आजीच्या वाटाण्याच्या सूपची वाट बघत.

"आल्के टर्पस्ट्रा," गेर्लोफने पार्सलवरचं बेप्पेचं खरं नाव वाचलं. "बेप्पे, या वयात काय काय मागवतेस गं?" आणि तो हसत निघून गेला.

"मी? मी कशाला काय मागवू?" बेप्पेने कात्रीने खोकं उघडलं. आत एक कोट होता. जाड, फुगीर, निळा, गळ्याशी मऊ फर. मापाने तो बेप्पेच्या कोटाच्या एका बाहीत मावला असता. वरच एक रंगीत कागद होता आणि त्यावर हसऱ्या अक्षरांत छापलेलं: आता घ्या, पैसे नंतर द्या.

बेप्पेने कागद पाहिला, मारितकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा झटकन बदलला. "हो, हो. मीच मागवला. विसरलेच बाई."

"तू मागवलास?" हिस्केचा आवाज अगदी हळू झाला होता. "फोनवरून? तुला टीव्हीचा रिमोट उलटा की सुलटा कळत नाही."

सूप उकळत होतं. मारितने चमचा टेबलावर ठेवला.

"मी मागवला," ती म्हणाली. "अठरा वर्षं पूर्ण लागतात, म्हणून बेप्पेचं नाव टाकलं. नोव्हेंबरचे पैसे आहेत माझ्याकडे. बाकीचे नंतर दिले असते. पपा फोनवर म्हणाला, सगळे तसंच करतात."

'नंतर.' तो शब्द त्या तोंडातून, त्या डोळ्यांसकट, मान जरा कलती करून. हिस्केच्या डोक्यात रक्त चढलं. तिने आयुष्यात पोरीवर हात उचलला नव्हता, आणि आता तो उचलू नये म्हणून तिने दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर आवळून धरले.

"दुसऱ्याच्या नावावर!" ती ओरडली. "म्हाताऱ्या आजीच्या नावावर उधारी! अगं, तुझ्या बापाने निदान माझी सही तरी मागितली होती! बंद. ऐकलंस? डिसेंबरचे पैसे बंद, जानेवारीचे बंद. मला वाटेल तेव्हा सुरू करीन. आणि नसेल वाटलं तर कधीच नाही!"

मारितच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. पण ती उठून उभी राहिली. उंची आईच्या खांद्याएवढीच, हनुवटी मात्र वर.

"कोट परत करीन," ती हुंदके देत म्हणाली. "बेप्पेची माफी मागीन. तू म्हणशील ती शिक्षा दे, भांडी घासीन, फोन घे माझा. पण पैसे तुला बंद करता येत नाहीत."

"काय म्हणालीस?"

"टाळी दिलीस तू. पहिल्या तारखेला, काही झालं तरी. 'काही झालं तरी' तू म्हणालीस, मी नव्हतं म्हटलं!" तिने बाहीने नाक पुसलं. "तुला राग आला की पैसे बंद, असं पपा करायचा. मला आठवतं. तू फ्रिज उघडून उभी राहायचीस आणि आत काही नसायचं. मला सगळं आठवतं, मेम."

हिस्केने बेप्पेकडे पाहिलं. महिनाभर जी म्हातारी सौदा मोडायला टपलेली, ती तरी आता आपल्या बाजूने बोलेल असं तिला वाटलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" बेप्पे म्हणाली. "मी साक्षीदार आहे. पोरगी खरं बोलतेय. तुझ्या बापाने टाळी मारलेली लाल गाय गाडीत चढवायच्या आधी आडवी झाली, आठवतं? दिले ना पैसे. घरी येऊन महिनाभर माझं डोकं खाल्लं, पण दिले."

हिस्के बाहेर पडली. बेप्पेच्या मागच्या छपरीत सायकली ठेवतात, तिथे जाऊन एका उलट्या बादलीवर बसली. पत्र्यावर पाऊस वाजत होता. राग उतरायला वेळ लागला, कारण राग खरा होता आणि बरोबरही होता. पण त्याच्याखाली आणखी काहीतरी होतं. तिला तो कोर्टाचा कारकून आठवला. रुक्ष, टकला, कधी हसला नाही. त्या तीन वर्षांत तिने त्याच्याशी भांडणं केली होती, एकदा तर त्याच्या टेबलावर किल्ल्या फेकल्या होत्या. तरी पुढच्या गुरुवारी पैसे आले. तो रागावला असेल, नसेल, पैसे आले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तिला उद्याचा हिशेब आज करता आला तो त्या गुरुवारांमुळे. मोजूनमापून वापरायला ती शिकली, कारण येणार म्हटलेला पैसा येत होता. जो लहरीवर येतो त्याचं कोण काय नियोजन करणार? तो आला की उडवायचा, एवढंच माणूस शिकतं. लेनार्ट तरी दुसरं काय शिकला होता?

आणि मी आत्ता काय म्हणाले? मला वाटेल तेव्हा. हे वाक्य आपल्या तोंडून आलं याची हिस्केला इतकी लाज वाटली की ती उठून उभी राहिली.

ती आत आली तेव्हा दोघी तशाच बसल्या होत्या, सूपला कुणी हात लावला नव्हता.

"पैसे येतील," हिस्के म्हणाली. "पहिल्या तारखेला. मी चुकीचं बोलले, ते मागे घेते. पण कोट जाईल, आणि तू स्वतः नेऊन देशील. उद्या. पाऊस असो की गारा. आणि फोन महिनाभर बेप्पेच्या कपाटात."

"कपाटाला कुलूप आहे," बेप्पे उत्साहाने म्हणाली. मग मारित तिच्या गळ्यात पडली आणि माफी मागू लागली, तेव्हा म्हातारीलाही रडू आवरेना. "माझ्या नावावर पहिल्यांदाच कुणी फरचा कोट मागवला गं," ती म्हणाली, "आणि तोही परत चाललाय!"

दुसऱ्या दिवशी पाऊस होताच. पार्सल परत घेणारं दुकान दोन गावं पलीकडे. मारितने खोकं काळ्या कचऱ्याच्या पिशवीत नीट गुंडाळलं आणि सायकलच्या मागे बांधलं. जगातला सगळ्यांत उबदार कोट कोरडा ठेवून ती स्वतः भिजत जाणार होती, आणि हे तिलाही कळत होतं. ती फाटकाबाहेर पडली तर मागून हिस्के आपली सायकल घेऊन आली. अंगात साधा स्वेटर.

"मेम, तुझा रेनकोट?"

"राहिला घरी."

"मग घेऊन ये ना."

"चल आता, दुकान बंद होईल."

हिस्के आपला रेनकोट विसरली यावर ऊस्टरविरमधल्या लहान पोरानेही विश्वास ठेवला नसता. मारितने एकदा वळून आईकडे पाहिलं. दोघी वाऱ्यात माना घालून पॅडल मारत राहिल्या. बऱ्याच वेळाने मारित ओरडून म्हणाली, कारण वाऱ्यात ओरडावंच लागतं, "पपा वाईट होता का गं?"

"नाही," हिस्केही ओरडली. "चांगला होता. म्हणून तर सगळे त्याला उधार द्यायचे."

मारितला हसू फुटलं आणि तोंडात पाऊस गेला. घरी येईपर्यंत दोघींच्या बुटांत तळी झाली होती. त्या संध्याकाळी हिस्केला ताप भरला. बेप्पे काढा घेऊन आली आणि "आता हा कुणाच्या पैशातून?" असं विचारून गेली.

डिसेंबरच्या पहिल्या तारखेला सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मारितच्या ताटलीशेजारी साठ युरो ठेवलेले होते. हिस्के पाठमोरी उभी राहून पावाला लोणी लावत होती.

"मेम, अजून रागावलीयस?"

"हो."

"पण पैसे आलेत."

"आज पहिली तारीख आहे."

मारित बराच वेळ त्या नोटांकडे बघत बसली. तिने त्या उचलल्या, नोव्हेंबरच्या नोटांबरोबर घडी केल्या आणि वरच्या खिशात ठेवून चेन लावली. शनिवारी ती एकटीच सायकल घेऊन गेली. कुठे ते हिस्केने विचारलं नाही. परत आली ती जुन्या वस्तूंच्या दुकानातून, हँडलला दोन पिशव्या लटकवून. आत काय आहे ते तिने दाखवलं नाही आणि हिस्केने, सौद्याप्रमाणे, एक शब्द काढला नाही. मात्र पोरगी खोलीत गेल्यावर तिने दारापाशी जाऊन कान लावला, हे इथे सांगून टाकलेलं बरं. आतून फक्त चेन वर ओढल्याचा आवाज आला.

सोमवारी पावसाने नुसता धिंगाणा मांडला होता. हिस्के कालव्याच्या रस्त्याने येत होती. समोर पोरांचा थवा दिसला आणि त्या थव्याच्या अगदी पुढे, वाऱ्याला पहिलं तोंड देत, एक अजब ध्यान. कुठल्यातरी जाडजूड कोळ्याचा असावा असा मेणकापडाचा ढगळ कोट, बाह्या दोनदा दुमडलेल्या, कमरेला दोरी. खाली पावसाची विजार, अगदी शिक्षक घालतात तशी. पायांत रबरी गमबूट. आणि हँडलला, पारदर्शक पिशवीत, घासून पुन्हा पांढरे केलेले बूट. मागची पोरं तिच्या आडोशाने एका रांगेत चालली होती. कुणी काहीतरी ओरडून चिडवलं असावं, कारण मारितने मागे वळून काहीतरी ठणकावून सुनावलं आणि सगळी खिदळली.

हिस्केचा हात हॉर्नवर गेला आणि तिने तो मागे घेतला. वर्गातल्या पोरांसमोर आईने हॉर्न वाजवण्याइतकी मोठी शिक्षा सौद्यात नव्हती. तिने टँकर दुसऱ्या कडेला घेतला आणि पाणी न उडवता पुढे गेली.

गोठ्यावर रिन्से ट्रॅक्टरवरून उतरत होता. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं.

"अगं, रस्त्यावर पाहिलंस का? म्हाताऱ्या कोळ्याच्या कोटात एक पोर चाललीय, खलाशी शिड सांभाळतो तशी! अशा पावसात गाणं म्हणत होती. कुणाची आहे गं ती?"

हिस्केने नळी खाली ठेवली.

"माझी," ती म्हणाली. "मागच्या महिन्यात भिजत होती ना, तीसुद्धा माझीच."